वीतभर नळी आणि रायफलचं काडतूस

१९६३ साली रेमिंग्टन कंपनीनं एक्सपी-१०० नावाचं पिस्तूल बाजारात आणलं. रायफलचा असतो तसा बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा), साडेदहा इंचांची नळी, नायलॉनचा दस्ता आणि मूठ मागच्या टोकाला नसून जवळजवळ मधोमध. दिसायला पिस्तूल कमी, कापलेली रायफल जास्त. त्यात .२२२ रेमिंग्टन (असे आकडे म्हणजे गोळीचा व्यास, ढोबळ मानानं इंचांत) हे रायफलचं काडतूस चालवायचा कंपनीचा बेत होता. पण चाचण्यांत नळीच्या तोंडाशी एवढा जाळ निघाला आणि एवढा दणका बसला, की अभियंत्यांनी काडतूसच कापायचं ठरवलं. ४३ मिलिमीटरची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, साडेपस्तीसवर आणली आणि नाव ठेवलं .२२१ फायरबॉल. फायरबॉल म्हणजे आगीचा गोळा; नाव बोलकं आहे.

नळी आखूड करायची असेल तर काडतूसही त्या मापाचं करा, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पण आज अमेरिकेत सात-साडेसात इंच नळीची, फौजी रायफलचं पूर्ण मापाचं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस मारणारी ‘पिस्तुलं’ सर्रास विकली जातात. ती का विकली जातात याचं उत्तर बॅलिस्टिक्सच्या, म्हणजे गोळीच्या वेग-ऊर्जेच्या, तक्त्यांत शोधून सापडत नाही. ते कायद्याच्या व्याख्यांत सापडतं. आपल्याकडच्या .३१५ च्या कट्ट्याचंही तसंच आहे. रायफलचं काडतूस मारणारं हातातलं हत्यार एका ठराविक चौकटीत उपयोगी आहे. त्या चौकटीबाहेर ते बहुतेक वेळा कायद्याच्या मोजपट्टीनं जन्माला घातलेलं असतं. आणि ती मोजपट्टी बहुधा चुकीच्या जागी लावलेली असते.

आधी हिशेब. ५.५६ च्या पुंगळीत २५-२६ ग्रेन, म्हणजे साधारण १.७ ग्रॅम दारू बसते. ती सगळी एका क्षणात जळून संपत नाही. गोळी पुढे सरकत असताना मागे वायू तयार होत राहतो, फुगत राहतो आणि तिला ढकलत राहतो. २० इंचांच्या नळीत हे काम नीट होतं; ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला ९८०-९९० मीटर वेगानं बाहेर पडते, ऊर्जा सुमारे १,७०० जूल. तीच गोळी साडेसात इंचांच्या नळीतून ७०० मीटरच्या आसपास निघते, ऊर्जा ८७० जूल. म्हणजे नळी निम्म्याहून कमी केली आणि ऊर्जा निम्म्यावर आली. शिवाय ही हलकी गोळी शरीरात फुटते ती वेगाच्या जोरावर. वेग साधारण ८०० मीटरच्या खाली गेला की ती फुटेलच याचा भरवसा राहत नाही. साडेसात इंचांची नळी ही मर्यादा तोंडापाशीच गमावून बसते.

तरीही ८७० जूल म्हणजे ९ मिलिमीटरच्या पिस्तुलापेक्षा जास्तच की, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, ९ मिलिमीटरला ५०० ते ५२० जूल मिळतात. पण .३५७ मॅग्नमचं, कमरेला लावता येणारं रिव्हॉल्व्हर ७०० च्या पुढे जातं. दीडशे-पावणेदोनशे जुलांच्या वाढीसाठी अडीच किलोचं, कमरेला न मावणारं, दोन्ही हातांनी धरूनही डोलणारं धूड बाळगायचं का, हा साधा व्यवहाराचा प्रश्न आहे.

नळीत जी ऊर्जा गोळीला मिळाली नाही ती कुठे जाते? समोर, आवाजात आणि उजेडात. अर्धवट जळलेले कण आणि तापलेला वायू बाहेरच्या हवेत मिसळून पुन्हा पेटतो. अंधाऱ्या खोलीत दोन गोळ्या झाडल्या तर तिसऱ्या वेळी नेम दिसत नाही. आवाजाचं म्हणाल, तर अशा क्षणिक दणक्यासाठी कानाची मर्यादा १४० डेसिबल धरतात, ५.५६ ची लांब रायफलसुद्धा १६० च्या पुढे असते, आणि आखूड नळीत तोंड कानाच्या आणखी जवळ येतं. रेंजवर अशा हत्यारासाठी कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही लागतात. घराच्या संरक्षणासाठी म्हणून हे विकत घेणाऱ्याला रात्री दोन वाजता यातलं काहीच घालायला सवड मिळणार नाही. धक्का कमी वाटावा म्हणून तोंडाला मझल ब्रेक लावतात. तो वायू बाजूला वळवतो, म्हणजे धक्का खांद्यावरून उचलून शेजाऱ्याच्या कानावर टाकतो.

यंत्रालाही त्रास होतोच. वायूवर चालणाऱ्या या रचनेत नळीतला थोडा वायू एका छिद्रातून मागे नेऊन बोल्ट उघडतात. नळी आखूड केली की हे छिद्र चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, जवळ येतं, तिथला दाब जास्त असतो आणि बोल्ट गरजेपेक्षा लवकर व जोरात मागे येतो. छिद्राच्या पुढे नळी उरतेच किती? त्यामुळे वायूचा दाब टिकण्याचा अवधीही तुटपुंजा. परिणाम असा की एकाच हत्यारात कधी पुंगळीची कड ओरबाडून निघते, तर कधी हलक्या काडतुसावर बोल्ट पुरता मागे जातच नाही. जड बफर, घट्ट स्प्रिंग, छिद्राचं माप बदलणं, असे सगळे उपाय करून हे सांभाळता येतं. रायफलमध्ये हे सांभाळावं लागत नाही.

रिव्हॉल्व्हरची अडचण वेगळी. रायफलची बहुतेक काडतुसं बाटलीच्या आकाराची असतात: अंग जाड, मान बारीक. दाब आला की अशी पुंगळी मागे सरकू पाहते. बोल्टमध्ये मागे भक्कम लोखंड टेकलेलं असतं म्हणून चालतं. रिव्हॉल्व्हरमध्ये ती मागच्या पत्र्यावर दाबून बसते आणि काडतुसं धरणारा सिलिंडर फिरेनासा होतो. स्मिथ अँड वेसननं १९६१ मध्ये .२२ रेमिंग्टन जेट या बाटलीसारख्या काडतुसाचं मॉडेल ५३ काढलं, तेव्हा हेच झालं. चेंबरमध्ये तेलाचा अंश राहिला की पुंगळी भिंतीला धरत नसे, सरळ मागे येई आणि सिलिंडर अडके. ते काडतूस रायफलचं नव्हतं, .३५७ मॅग्नमचीच मान आवळून केलेलं होतं. पण दोष आकाराचा होता आणि रायफलच्या काडतुसाचा आकार तोच.

म्हणूनच रिव्हॉल्व्हरमध्ये खऱ्या अर्थानं रुळलेलं रायफलचं काडतूस म्हणजे .४५-७०. ते १८७३ सालचं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. पुंगळी सरळ भिंतीची आणि दाब आजच्या मानानं बराच कमी. मॅग्नम रिसर्चचं बीएफआर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण धक्क्याचा हिशेब करून पाहा. ३०० ग्रेनची गोळी ४५० मीटरनं आणि मागून साडेतीन ग्रॅम दारूचा वायू, हे दोन किलोच्या हत्यारात घातलं तर मागे येणारी ऊर्जा ४० जुलांच्या वर जाते. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात ती सहाच्या आसपास असते. सात पट धक्का मनगटानं पेलायचा. पहिल्या पाच गोळ्यांनंतर बहुतेकांचा नेम बिघडतो तो या धक्क्याच्या धास्तीनं: चाप ओढायच्या आधीच हात खाली झुकतो. अस्वलाच्या मुलखात कमरेला शेवटचा उपाय म्हणून हे समजू शकतं. सरावाचं हत्यार म्हणून नाही.

मग ती उपयोगाची चौकट कुठली? एका वेळी एकच काडतूस घेणारं, नळी खाली मोडून भरायचं पिस्तूल. १९६७ मधला थॉम्प्सन/सेंटरचा कंटेंडर हा त्याचा आदर्श नमुना आणि १९९८ चा एन्कोर हा त्याचा थोरला भाऊ. कंटेंडरमध्ये .३०-३० विंचेस्टर घातलं तर दहा इंचांच्या नळीतून १५० ग्रेनची गोळी ६०० मीटरच्या आसपास निघते आणि १४ इंचांतून ६४० च्या. जूल मोजले तर दहा इंचांतच १,७०० च्या पुढे; .४४ मॅग्नमला १,३०० मिळतात. शिवाय लांब-निमुळती गोळी वेग टिकवते, .४४ ची जाडी गोळी टिकवत नाही. .३०-३० च्या लिव्हर रायफलमध्ये काडतुसं नळकांड्यात एकामागे एक बसतात, म्हणून टोकदार गोळी चालत नाही. तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, टेकतं. एकाच काडतुसाच्या पिस्तुलात ही भानगड नाही. तिथे टोकदार गोळी खुशाल वापरावी.

पण इथेही नियम पाळावे लागतात. गोळी निवडताना तिच्यावर छापलेल्या व्यासापेक्षा ती किती वेगाला उमलते ते पाहायचं. .३०८ रायफलसाठी बनवलेली जाड आवरणाची गोळी ५५० मीटरच्या खाली आली की भोक पाडून नुसती आरपार जाते, हरीण जखमी होऊन पळतं. म्हणून १४ इंचांची नळी घ्यायची आणि अंतर शे-दीडशे मीटरवर थांबवायचं. पिस्तुलाची दुर्बीण वेगळी असते, हात लांब करून पाहता येईल अशी. रायफलची लावली तर काळं वर्तुळच दिसतं. दोन रिंगांवर ती धक्क्यानं सरकते, तीन किंवा चार लागतात. पुढचा लाकडी हातखंड सॅकवर टेकवायचा, नळी टेकवायची नाही. नळी टेकवली की गोळ्या वर चढतात. आणि कंटेंडरच्या सांगाड्यात .३०८ विंचेस्टरच्या दाबाचं काडतूस बसवायचं नाही. सांगाडा ताणला जातो, कुलूप सैल होतं, पुंगळ्या बुडाजवळ तडकू लागतात. त्यासाठीच एन्कोर काढला.

या पिस्तुलांना शिकारीइतकाच मोठा आधार मिळाला तो धातूच्या आकृत्यांच्या नेमबाजीचा. आंतरराष्ट्रीय हँडगन सिल्हूट संघटना १९७६ मध्ये उभी राहिली. ५० मीटरवर कोंबडी, १०० वर डुक्कर, १५० वर टर्की, २०० वर मेंढा, सगळ्या पोलादी. मेंढा वीस किलोंच्या वरचा. त्याला गोळी नुसती लागून उपयोग नाही, तो पडला पाहिजे. .४४ मॅग्नम मेंढ्याला लागून तो जागच्या जागी डुलत उभा राहिल्याचं दुःख त्या खेळातल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. २०० मीटरवर पुरेसा रेटा शिल्लक हवा म्हणून तिथे रायफलचीच पुंगळी वापरून केलेली काडतुसं आली; .२२३ ची मान ७ मिलिमीटरला रुंदावून केलेलं ७ मिलिमीटर टीसीयू हे त्यातलं गाजलेलं. इथे गरज आधी आली आणि हत्यार मागाहून. हा क्रम महत्त्वाचा.

काडतूस नळीच्या मापाला आणायचा धडा पुढेही काहींनी लक्षात ठेवला. .२२१ फायरबॉलची मान .३० ला रुंदावून .३०० व्हिस्पर झालं, आणि त्याच धर्तीवर जानेवारी २०११ मध्ये .३०० ब्लॅकआउटला प्रमाणमान्यता मिळाली. त्यात दारू कमी आणि झटपट जळणारी, त्यामुळे नऊ इंचांतच तिचं काम संपतं. सोळा इंचांवरून नऊवर आलं तरी वेग दहा टक्क्यांच्या आसपासच घटतो. आखूड नळी हवीच असेल तर हे काडतूस घ्यावं, एवढं साफ सांगता येतं. एक धोका मात्र जिवावरचा. ब्लॅकआउटची मॅगझिन (काडतुसांची पेटी) आणि बोल्ट ५.५६ चीच असतात. हलक्या गोळीचं ब्लॅकआउट काडतूस चुकून ५.५६ च्या नळीत गेलं तर बोल्ट बंद होऊ शकतो, आणि .३० ची गोळी .२२ च्या भोकात ढकलली जाऊन हत्यार हातात फुटतं. दोन्ही बाळगणाऱ्यानं मॅगझिनला वेगळ्या रंगाची पट्टी लावणं आणि टेबलावर एका वेळी एकच जात ठेवणं, याला पर्याय नाही.

हे सगळं माहीत असूनही साडेसात इंचांचं ५.५६ पिस्तूल का खपतं? १९३४ च्या अमेरिकन राष्ट्रीय शस्त्र कायद्याकडे वळू. त्याच्या मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. लोक रायफल कापून पिस्तूल करतील आणि कायदा चुकवतील, म्हणून आखूड नळीची रायफलही त्यात घातली गेली. पुढे पिस्तुलं मसुद्यातून गळली; आखूड रायफल मात्र राहिली. दाराला कुलूप लावायचं राहून गेलं आणि खिडकीला गज बसले. आजही खांद्याला टेकायचा दस्ता असेल तर नळी १६ इंच हवी, नाहीतर नोंदणी, आणि २०२५ अखेरपर्यंत २०० डॉलरचा करही. दस्ता नसेल तर तेच यंत्र पिस्तूल ठरतं आणि दुकानातून घेऊन जाता येतं. २०१२ पासून हाताला बांधायच्या ‘ब्रेस’ला मान्यता मिळाली. ती मनगटासाठी असल्याचं सांगतात, टेकते खांद्याला. लाखो विकल्या गेल्या. २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या किराणा दुकानात अशाच पिस्तुलानं १० जणांचे बळी गेले. जानेवारी २०२३ मध्ये ब्रेसवर नियम आला, जून २०२४ मध्ये टेक्सासच्या केंद्रीय न्यायालयानं तो रद्द ठरवला. १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलवरचा करही शून्यावर आला, नोंदणी उरली.

शस्त्रनियंत्रणवाद्यांचं म्हणणं, की कोटाखाली लपणारं आणि पोलिसांचं मऊ बुलेटप्रूफ जाकीट भेदणारं हत्यार धोकादायक आहे. ते खरं आहे. मऊ जाकीट पिस्तुलाच्या गोळीसाठी असतं, रायफलच्या गोळीला पोलादी किंवा सिरॅमिक पत्रा लागतो. पण नियम लिहिले गेले ते ब्रेसच्या लांबीवर, पट्ट्यावर आणि दुर्बिणीच्या प्रकारावर. बंदूकप्रेमींचं म्हणणं, की सोळा इंचांची रायफल जास्त घातक असून ती खुली आहे, मग आखूडवर राग का? तेही खरं आहे, आणि त्याच न्यायानं त्यांच्या आखूड पिस्तुलाची उपयुक्तताही खोटी ठरते. हे मात्र ते बोलत नाहीत.

आणखी एक गंमत पाहा. अमेरिकेत चिलखतभेदी काडतुसाची व्याख्या १९८६ पासून ‘पिस्तुलात वापरता येईल अशी’ या शब्दांवर उभी आहे. म्हणजे रायफलच्या काडतुसाचं पिस्तूल कुणी बाजारात आणलं की ते काडतूसच व्याख्येत ओढलं जातं. ७.६२×३९ या एके-४७ च्या काडतुसाचं पिस्तूल आलं आणि १९९४ मध्ये त्या काडतुसाच्या पोलादी गाभ्याच्या स्वस्त मालाची आयात थांबली. २०१४ मध्ये ५.४५ च्या ७एन६ काडतुसाचं तेच झालं. २०१५ मध्ये ५.५६ च्या एम८५५ ची पाळी आली, तेव्हा ८० हजारांवर हरकती आल्या आणि प्रस्ताव महिन्याभरात मागे घेतला गेला. चार-दोन हौशी पिस्तुलांपायी लाखो रायफलवाल्यांचं काडतूस महागतं, हा त्या लोकांचा रोष रास्त आहे. काडतूस धोकादायक असेल तर ते गोळीच्या घडणीवरून ठरावं. कुणी त्याचं पिस्तूल काढलं यावरून का?

आपल्याकडे या प्रश्नाचं रूप वेगळं आहे, मूळ मात्र ओळखीचं. ब्रिटिश सरकारनं विसाव्या शतकाच्या आरंभी .३०३ हे फौजेचं काडतूस सामान्यांना बंद केलं. चोरलेली काडतुसं वापरता येऊ नयेत हा हेतू. मग बंदूकवाल्यांनी ऑस्ट्रियाच्या फौजेचं ८×५० मानलिखर घेतलं आणि त्याला .३१५ म्हटलं. तेच आजही परवान्यावरच्या रायफलचं काडतूस आहे. आणि उत्तर प्रदेश-बिहारचा देशी कट्टा तेच काडतूस खातो. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संपली, धातूच्या मेंढ्यांची स्पर्धा इथे रुजली नाही. म्हणजे रायफलच्या काडतुसाच्या पिस्तुलाला इथे एकही सरळ उपयोग नाही. तरी ते हजारोंनी आहे, कारण काडतूस दुकानात मिळतं. महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या मॅगझिनच्या गावठी पिस्तुलांतही ७.६५ मिलिमीटर, म्हणजे परवान्यावर मिळणारं .३२ च, वारंवार दिसतं. बेकायदा हत्यार कायदेशीर काडतुसाचं माप घेऊनच शिवलं जातं.

कट्ट्याच्या ‘उपयुक्तते’बद्दल फार बोलायला नको. सोळा ग्रॅमच्या जवळपासची गोळी, ती भोकात नीट न बसणारी, त्यामुळे वायू बाजूनं निसटतो आणि गोळी आडवी होऊन जाते. दहा पावलांपलीकडे नेम नाही. रायफलच्या दाबासाठी न घडवलेलं लोखंड कधी ना कधी मागून उघडतं आणि बोटं किंवा डोळा घेऊन जातं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेलाही गोळीवर नळीतल्या आट्यांच्या नीट खुणा मिळत नाहीत. साक्ष द्यायची ती पुंगळीनं, तिच्या बुडावर आपटणाऱ्या पिनेच्या ठशानं.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप केली आणि परवानाधारकाची हत्यारं तीनवरून दोनवर आणली. दोन्ही उपाय हत्यार मोजतात. कट्टा मोजून संपत नाही. पकडला त्या आठवड्यात दुसरा तयार होतो. तयार होत नाही ते काडतूस. त्याला पितळेची पुंगळी, प्रायमर आणि नेमकी दारू लागते, आणि हे आड-गल्लीत जमत नाही. मग नजर तिथे हवी. दुकानाच्या वहीत आज नग लिहिले जातात: अमुक परवाना, पंचवीस काडतुसं. सापडलेली पुंगळी त्या पंचवीसांतली की नाही, हे वही सांगू शकत नाही. ब्राझीलनं २००३ च्या कायद्यानं सरकारी दलांच्या काडतुसांवर लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेल्या गठ्ठ्याची, खूण सक्तीची केली. आपल्याकडे हे त्याहून सोपं आहे, कारण परवान्यावरच्या काडतुसांचे कारखाने मोजकेच. लहान लॉट, लॉटनिहाय दुकान, नवीन काडतुसं देताना जुन्या पुंगळ्या परत. खर्च आहे तो ठसा बदलण्याचा आणि वहीत एक रकाना वाढवण्याचा.

उत्तरेतल्या खटल्यांच्या कागदपत्रांत .३१५ च्या पुंगळीचं वर्णन येतं तेव्हा बुडावरची अक्षरं बहुधा ‘८ एमएम’ आणि ‘केएफ’ अशी असतात. केएफ म्हणजे किरकी, आपली पुण्याची खडकी. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. काडतूस कुठे बनलं हे त्या दोन अक्षरांवरून कळतं, कुठल्या दुकानातून गेलं ते कळत नाही. बूड जेमतेम चौदा मिलिमीटरचं आहे, तरी शेजारी चार आकडे सहज बसतात.